घुंडीला हात न लावता

रत्नप्रभा वैरागडे यांच्या दोन गोष्टी भोपाळच्या मराठी मंडळींत प्रसिद्ध होत्या. एक त्यांचे साबुदाणेवडे आणि दुसरी त्यांची रायफल. वडे सगळ्यांनी खाल्ले होते. रायफल मात्र कुणी पाहिलेली नव्हती, कारण ती त्यांची नव्हतीच. केरवा धरणाच्या रस्त्याला जो रायफल क्लब आहे, त्या क्लबची ती. पण हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर त्या ज्या थाटात "माझी तीन नंबर" म्हणत, ते ऐकून एखादीला वाटावं की बाई उशाशी बंदूक घेऊन झोपतात.

"आणि एक सांगू का?" वड्यांची ताटली पुढे करत त्या म्हणायच्या. "इतक्या वर्षांत मी घुंडीला हात म्हणून लावलेला नाही."

घुंडी म्हणजे काय हे समोरच्या बाईला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मग रत्नप्रभाबाई ताटली खाली ठेवून दोन्ही हातांनी हवेत रायफल धरून दाखवत. रायफलीच्या मागच्या बाजूला एक छोटं भोक असतं, त्यातून बघायचं. त्याला दोन घुंड्या असतात. एक फिरवली की गोळी वर-खाली सरकते, दुसरी फिरवली की डावी-उजवीकडे. प्रत्येकाचा डोळा वेगळा, गाल टेकवायची तऱ्हा वेगळी. त्यामुळे तीच रायफल एकाच्या हातात मधोमध मारते आणि दुसऱ्याच्या हातात भलतीकडेच. म्हणून जो तो घुंड्या फिरवून आपल्यापुरतं जमवून घेतो.

"मला मात्र कधी गरजच पडली नाही. आडवी झाले, नेम धरला, मधोमध!"

यावर आतल्या खोलीतून हेमंतरावांचा आवाज यायचा, "ती येतानाच सेटिंग करून आलेली आहे. मला लग्नानंतर कळलं." हेमंतराव सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले होते आणि घरात त्यांच्याकडे आता एवढं एकच खातं उरलेलं होतं, बायकोची टर उडवण्याचं. ते काम ते मन लावून करत.

वैरागड्यांचं मूळ घर नागपूरचं. छप्पन साली राजधानी भोपाळला आली तेव्हा कचेरीच्या फायलींबरोबर रत्नप्रभाबाईंचे सासरेही आले आणि इथलेच झाले. बाईंनी स्वतः राज्य सरकारच्या एका संचालनालयात हिंदी टंकलेखक म्हणून जन्म काढला. आधी टाइपरायटर, मग संगणक, पण बोटांचा जोर तोच. त्यांच्या टेबलाशेजारी बसणाऱ्यांना फोनवर ओरडून बोलावं लागे म्हणतात. नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना एका हिवाळ्यात त्या हेमंतरावांबरोबर मेळ्यात गेल्या. फुगे फोडायच्या दुकानाशी हेमंतरावांनी हौसेने छऱ्याची बंदूक उचलली आणि सगळे छरे मागच्या पडद्याला अर्पण केले. उरलेले बाईंनी मारले. फुगे असे फुटत गेले की दुकानदाराने बक्षिसाचा प्लास्टिकचा डबा हातात कोंबून "माताजी, अब दूसरों को भी खेलने दो" म्हणून हात जोडले.

ही हकीकत हेमंतरावांनी पुढच्या गणेशोत्सवात चारचौघांत तिखटमीठ लावून सांगितली. ऐकणाऱ्यांत शांताराम बोरकुटे होते. कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांची दुरुस्ती करून निवृत्त झालेले, अवधपुरीत राहणारे, कमी बोलणारे गृहस्थ. ते हसले नाहीत. म्हणाले, "आणा की वहिनींना रविवारी. पॉइंट टू-टूची रायफल मारून पाहतील. धक्का बसत नाही जी, पोरंही मारतात."

आणि बाई गेल्या.

पहिले दोन रविवार मात्र त्यांचं पार नाक कापलं गेलं. आडवं पडून, डाव्या दंडाला पट्टा आवळून, कोपर चटईत रोवून मारायचं होतं. पन्नास मीटरवर कार्ड, त्यावर काळा गोल. इथे ना फुगा फुटत होता, ना कुणी हात जोडत होतं. प्रशिक्षक चौकसे सर डोक्याशी उभे राहून ओरडले, "मैडम, टाइपराइटर थोड़ी है! ठोकना नहीं है, दबाना है. इतना धीरे कि गोली चले तो आप खुद चौंक जाओ." बाई हळू दाबायला शिकल्या, पण गोळ्या जायच्या तिकडेच जात राहिल्या, खाली डावीकडे. काही काळ्याच्या काठावर, काही पार बाहेर. "कोई बात नहीं," सर म्हणाले, "पहले गुच्छा बनाओ. गुच्छा बन जाए तो उसे बीच में लाना दो मिनट का काम है." एवढं बोलून ते पदकवाल्या मुलामुलींकडे गेले ते गेलेच. दुसऱ्या रविवारी बाईंनी कार्डाची चार पदरी घडी केली, पर्सच्या तळाशी घातली आणि घरी जाऊन सांगितलं, "बघू पुढच्या वेळी. कंबर दुखते."

तिसऱ्या रविवारी त्या फक्त चटईचे मोजे परत करायला म्हणून गेल्या होत्या. म्हणजे कोपराला बांधायचे जे जाड मोजे असतात ते, शांतारामभाऊंनी दिलेले. "आता आलाच आहात तर पाच गोळ्या मारा," शांतारामभाऊ म्हणाले. क्लबमध्ये रायफली मोजक्याच, त्यामुळे एकेक रायफल दोघांतिघांत असे. तीन नंबर आधी शांतारामभाऊ मारत, मग बाईंना देत. त्या नाइलाजाने आडव्या झाल्या. पाच गोळ्या मारल्या. कार्ड आलं आणि बाई बघतच राहिल्या. पाचही भोकं काळ्याच्या पोटात, एकमेकांना चिकटून बसलेली.

त्या क्षणी रत्नप्रभाबाईंच्या अंगावर जे मूठभर मांस चढलं, ते पुढे उतरलंच नाही.

तेव्हापासून रविवार म्हणजे रायफल हे ठरून गेलं. घरातून निघताना कोलार रस्त्यावरची रहदारी, गॅसवाल्याचा फोन, मुलगा कौस्तुभ पुण्याहून वेळेवर फोन करतो की नाही, असलं सगळं डोक्यात असे. चटईवर आडवं झालं, गाल लाकडाला टेकला, की ते एकेक करून निघून जाई. तेलाचा आणि जळक्या दारूचा मंद वास. त्या छोट्या भोकातून नळीच्या टोकाचं कडं दिसायचं, कड्यात काळा गोल. श्वास घेतला की सगळं खाली जायचं, सोडला की वर यायचं, आणि श्वासाच्या तळाशी एक जागा अशी असे की तिथे काहीच हलत नसे. त्या जागेत बोट आपोआप दाबलं जाई. टप् असा आवाज, खांद्याला लहान मुलाने हात लावावा एवढा स्पर्श, आणि बाई स्वतःच दचकत. चौकसे सर म्हणाले होते तसं. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वेळेत टाइप करून देणाऱ्या या बाईला असं वाटे, की हा एवढा श्वास तरी कुणी आपल्याकडून मागून नेऊ शकत नाही. त्या कुणाशी स्पर्धा करत नव्हत्या, पदकाची हाव नव्हती. कार्डावर भोकं एकत्र बसलेली बघायची, बाकावर बसून चहाबरोबर घरचे वडे खायचे आणि शांतारामभाऊंशी मराठीत दोन शब्द बोलून घरी यायचं. एवढ्यावर त्यांचा पुढचा आठवडा निघे.

शांतारामभाऊंना एक खोड होती. स्वतःचं मारून झालं की ते उठून बसत आणि बराच वेळ घुंड्या फिरवत राहत. कार्डं बदलण्यासाठी सगळ्यांचं मारणं थांबलेलं असे, त्या शांततेत टिक टिक ऐकू येई. मागे उभ्या असलेल्या बाई चेष्टा करत, "भाऊ, रेडिओ लावताय का?"

"हो जी. नागपूर केंद्र लागतं का पाहतो."

"लागलं का?"

"लागलं. घ्या."

हा संवाद इतक्या रविवारी झाला होता की त्याचा अर्थ काय असेल असा प्रश्न दोघांपैकी कुणालाच पडत नसे. निदान बाईंना तरी पडत नसे. घुंडीला हात न लावण्याची बढाई त्या शांतारामभाऊंसमोरही मारत आणि ते मान डोलावून म्हणत, "काही काही माणसांचं असते जी तसं."

गेल्या दिवाळीनंतर शांतारामभाऊ मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे, नागपूरला गेले. "फेब्रुवारीत कार्ड दाखवायला येतो," म्हणाले. कार्ड दाखवणं म्हणजे क्लबचा नियम होता. पासष्टी ओलांडलेल्यांनी दर फेब्रुवारीत सचिवांसमोर दहा गोळ्या मारायच्या. दहाही काळ्यात हव्यात. एक जरी बाहेर गेली तर रायफल बंद. मग खुशाल बाकावर बसा, चहा प्या, टाळ्या वाजवा. रत्नप्रभाबाईंना यंदा पासष्ट पूर्ण झाली होती. त्यांना त्याची फिकीर नव्हती. दहा गोळ्या काळ्यात, म्हणजे काय विशेष!

तीन नंबरवर शांतारामभाऊंच्या जागी मृणाल आली. बँकेत नोकरी करणारी, नीटनेटकी, काकू काकू करणारी मुलगी. तिचं झालं की ती रायफल पुसून, दोन्ही हातांनी बाईंना देई.

आणि पहिल्याच रविवारी बाईंच्या गोळ्या खाली डावीकडे गेल्या.

आज झोप नीट झाली नाही, असं त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी थंडी फार होती. त्याच्या पुढच्या रविवारी धरणावरून धुकं आलं होतं. मग कारणं संपली. बाईंनी जवाहर चौकात जाऊन डोळे तपासून घेतले, नवा चष्मा केला. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. बाई रात्री भिजवलेले बदाम सकाळी खाऊ लागल्या, मानेचे व्यायाम करू लागल्या. नेम मुद्दाम वर उजवीकडे धरून पाहिला, तर होता तो गुच्छही विस्कटला. खरं म्हणजे चौकसे सरांना कार्ड दाखवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, असं आपण म्हणू. पण जिने इतकी वर्षं गावभर सांगितलं की मी घुंडीला हात लावत नाही, ती सरांकडे जाऊन काय म्हणणार? सरांनी लांबून "कैसा है मैडम?" विचारलं की त्या "बढ़िया" म्हणत आणि कार्डाची चार पदरी घडी पर्सच्या तळाशी घालत.

घुंडीचा विचार त्यांच्या मनालाही शिवला नाही, कारण रायफल तीच होती. रायफल बदलली नाही तर बदललं ते माणूस, हे त्यांच्या लेखी सरळ होतं. आपण म्हातारे झालो. एका दिवाळीत झालो.

हेमंतरावांनी सुरुवातीला चेष्टा केली. "बक्षिसाचा डबा परत करायला लागणार बहुतेक." बाई हसल्या नाहीत. त्यांनी वड्यांसाठी साबुदाणा भिजवला नाही, तेव्हा हेमंतराव चपापले. त्यांनी चहा केला आणि समोर आणून ठेवला.

"सोडून देते," बाई म्हणाल्या. "सचिवांसमोर शोभा करून घेण्यापेक्षा आपणहून सोडलेलं बरं."

"रविवारचं काय करशील?"

या प्रश्नावर बाईंना रडू आलं, तेही खूप. हेमंतरावांनी चेष्टेचं खातं त्या दिवसापुरतं बंद ठेवलं. म्हणाले, "शेवटचा एक रविवार जा. मी सोडतो."

त्या रविवारी मृणालचं मारून झालं. सगळ्यांचं मारणं थांबलं, कार्डं बदलायला माणसं पुढे गेली. रत्नप्रभाबाई कानांतली बुचं काढून मागे उभ्या होत्या. मृणाल उठून बसली आणि घुंड्या फिरवू लागली. टिक टिक टिक, थांबली. रायफल पुसायला तिने फडकं उचललं.

"एवढंच?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"काय काकू?"

बाईंना स्वतःलाच कळेना आपण असं का म्हणालो. ओळखीची आरती कुणी मधेच सोडून प्रसाद वाटायला घ्यावा, तसं काहीतरी कानाला खटकलं होतं. "नाही गं... तू हे काय करतेस?"

"व्हाइट मार्कवर आणतेय. ही बघा, ही पांढरी रेघ. रूल आहे ना काकू, आपलं झालं की झिरोवर आणायचं. नेक्स्टवाल्याला कोरी मिळाली पाहिजे."

"शांतारामभाऊ तर याच्यापुढेही फिरवायचे."

"झिरोच्या पुढे कशाला फिरवतील?" मृणाल हसली. "मग तर ती तुमच्यासाठी..."

ती बोलता बोलता थांबली. तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, रायफल हळूच चटईवर ठेवली आणि "मी चहा सांगते" म्हणून निघून गेली. शहाणी मुलगी.

रत्नप्रभाबाई चटईवर बसल्या. आधी आला तो राग. इतकी वर्षं! हळदीकुंकवाला, लग्नांत, मुलाच्या सासरच्यांसमोर आपण हवेत रायफल धरून दाखवत होतो आणि हा माणूस मान डोलावत होता. काही काही माणसांचं असते जी तसं! त्यांचे कान तापले. कुणाकुणाला काय काय सांगितलं ते सगळं एकदम आठवलं. नागपूर केंद्र म्हणे!

मग त्यांनी डोळे मिटले. टंकलेखकाचे कान ते. टाइपरायटरची मूठ किती टिक फिरली यावरून त्या न बघता ओळींमधलं अंतर सांगत. शांतारामभाऊंची टिकटिक त्यांच्या कानात होतीच, फक्त ती ऐकायची कधी वेळ आली नव्हती. आधी भरभर, पांढऱ्या रेघेपर्यंत. मग एक थांबा. मग सावकाश, चार. पुन्हा दोन. मग दुसऱ्या घुंडीला तीन. मग "लागलं. घ्या."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घुंडीला हात लावला. गोळ्या खाली डावीकडे जात होत्या, म्हणजे फिरवायचं वर आणि उजवीकडे. वरच्या घुंडीला चार, थोडं थांबून दोन. बाजूच्या घुंडीला तीन. एकही टिक चुकली नाही. मग त्या आडव्या झाल्या, गाल टेकवला, आणि श्वासाच्या तळाशी ती जागा जिथल्या तिथे सापडली. ती कुठेही गेलेली नव्हती.

कार्ड आलं. भोकं मधोमध, एकमेकांना चिकटून बसलेली. बाईंनी कार्ड मांडीवर ठेवलं. चौकसे सरांचं पहिल्या दिवशीचं बोलणं त्यांना आता कळलं. घुंडी गुच्छ बनवत नाही, घुंडी गुच्छ फक्त उचलून मधे ठेवते. गुच्छ त्यांचा होता. मधे नेऊन ठेवणारा हात दुसऱ्याचा होता. राग धरून ठेवायचे त्यांनी बरेच प्रयत्न केले, पण तो काही टिकेना. त्याच्या जागी सगळे रविवार येऊन बसू लागले. पावसाळ्यातले, उन्हाळ्यातले, कौस्तुभचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, बहीण गेल्यानंतरचा तो एक. प्रत्येक रविवारी एका माणसाने उठून बसून, न चुकता, त्यांच्या आनंदाची तयारी करून ठेवली होती. आणि "घ्या" एवढंच म्हणाला होता.

त्यांनी कार्डाची घडी केली नाही. परतताना गाडीत हेमंतरावांनी विचारलं तेव्हा सगळं खरं सांगितलं. हेमंतराव चेष्टा करतील म्हणून त्या तयारीत होत्या. ते गाडी बाजूला घेऊन थांबले आणि म्हणाले, "बोरकुटे थोर माणूस आहे." मग गाडी सुरू करता करता म्हणाले, "आता मंडळाच्या बायकांना कोण सांगणार? मी सांगू?"

पुढच्या रविवारी सचिव टेबल टाकून बसले होते. शांतारामभाऊ आले होते, नागपूरहून आदल्या दिवशीच परतलेले, काळा चष्मा, अंगाने थोडे वाळलेले. बाईंनी आठवडाभर मनात भाषण तयार केलं होतं. पण त्यांना बघितल्यावर तोंडातून निघालं ते, "वडे आणलेत."

"बरं झालं जी. पोरीनं नुसती मुगाची खिचडी घातली बाप्पा."

"आज मी आधी मारते, भाऊ."

शांतारामभाऊंनी मान डोलावली. बाईंनी तीन नंबर हातात घेतली, पांढरी रेघ बघितली आणि घुंड्या फिरवल्या. चार, दोन, तीन. सावकाश, मुद्दाम ऐकू जाईल अशा. मागे शांतारामभाऊंनी घसा साफ केला. दहा गोळ्या झाल्या. सचिवांनी कार्ड बघितलं, सही केली, "अरे वाह मैडम" म्हणाले. दहाही काळ्यात होत्या. पण बाईंचं लक्ष आता कार्डात नव्हतं.

बाईंनी घुंड्या परत पांढऱ्या रेघेवर आणल्या आणि शांतारामभाऊ आडवे झाले. काळा चष्मा काढून बाजूला ठेवला. ऑपरेशन लांबत लांबत गेल्या महिन्यात झालेलं, तेही उजव्या, नेम धरायच्या डोळ्याचं. त्याचा नवा चष्मा अजून व्हायचा होता आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू तसाच. काळा गोल त्यांना दिसत होता, पण गोळी कुठे लागली ते बघायला चटईशेजारी ठेवलेल्या दुर्बिणीतून बघायचं तर कार्डावरची बारीक भोकं दिसेनात. गोळ्या कुठे जातात हेच कळलं नाही तर घुंडी फिरवणार कशी? आधी चाचणीच्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या दोन मारून ते थांबले. डोकं वर न उचलता हळूच म्हणाले, "वहिनी, जरा पाहता का जी? कुठे जाते?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोजमापाचे काटे जुळवून दिलेला माणूस तो. आवाज लहान झाला होता.

रत्नप्रभाबाई चटईशेजारी बसल्या. दुर्बिणीला डोळा लावला. दोन्ही भोकं वर, डावीकडे, काळ्याच्या बाहेर, पण एकमेकांशेजारी. गुच्छ होता. त्यांनी रायफलीकडे हात नेला आणि शांतारामभाऊंचा हात घुंडीवर होता तो बाजूला केला.

"राहू द्या. मी करते."

टिक टिक टिक. थांबून, टिक टिक.

"किती फिरवल्या जी? कोणीकडे?"

"तुम्ही मला कधी सांगितलं होतं?"

शांतारामभाऊ रायफलीला गाल टेकवून तसेच पडून राहिले. त्यांच्या पाठीकडे बघून बाईंना कळलं की ते हसताहेत की आणखी काही, हे आता विचारू नये. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. "दुसऱ्या रविवारी तुम्ही कार्डाची घडी करून पर्समध्ये घातली, वहिनी. तशी घडी करणारी माणसं तिसऱ्यांदा येत नाहीत, मी पाहिलेलं आहे. आमची मंडळी गेल्यापासून माझ्याशी मराठीत बोलायला कोणी नव्हतं जी. वाटलं, या टिकल्या तर बरं होईल."

"मग नंतर तरी सांगायचं!"

"सांगणारच होतो. पण तुम्ही साऱ्या गावाला सांगत सुटल्या. मग कसं सांगू?"

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी ते आठवडाभर पाठ केलेलं भाषण सोडून दिलं. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, माझे सगळे रविवार तुम्ही दिलेत. मला ते उशिरा कळलं. पण कळलं."

"बरं, बरं," शांतारामभाऊ म्हणाले. "आधी हे तर होऊ द्या. काय लावलंय, नागपूरच ना?"

"नागपूरच. मारा."

त्यांनी श्वास सोडला. टप्.

"कुठे जी?"

बाईंनी दुर्बिणीला डोळा लावला. सगळं धूसर दिसत होतं. जवाहर चौकातल्या डॉक्टरांनी ज्या डोळ्यांना काही झालं नाही म्हणून सांगितलं होतं, त्यांना पाण्याखेरीज काही दिसेना.

"वहिनी? कुठे गेली?"

"थांबा हो, मलाच दिसत नाहीये," त्या म्हणाल्या, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं.

"मधोमध, भाऊ. आता हात लावू नका, दहा मारून टाका."